नाव घातलेला पत्रा

२ डिसेंबर, सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. नियम एकच: भाषण करायचं नाही. घटना, तारीख, निर्णय. बस. चाळीस वर्षं माईकसमोर बोललो, आता कागदाशी बोलून पाहतो. कागद टाळ्या वाजवत नाही, पण मध्येच उठूनही जात नाही.

वाचणारा मीच, तरी इतिहासाला संदर्भ लागतो म्हणून नोंद: दानीएल भिंगारदिवे, निवृत्त शिक्षक, पहाट कन्या वसतिगृह, भिंगार, या संस्थेचा सचिव. वक्ता म्हणून जिल्ह्यात परिचित. (अकोले ते पारनेर.)

घटना: गरम पाण्याच्या पाइपावरचे पाच पत्रे चोरीला.

सोलर नव्या इमारतीच्या गच्चीवर, ऐंशी मुली जुन्या इमारतीत. मध्ये बहात्तर फूट पाइप, कंपाउंडच्या भिंतीला धरून, उघड्यावर. पाइपावर काचेची लोकर, लोकरीवर ॲल्युमिनियमचा पत्रा. दोन-दोन फुटांचे छत्तीस तुकडे. पत्रा गेला की लोकर दवाने भिजते, लोकर भिजली की पाणी वाटेतच गार होतं. नगरची थंडी, पहाटे साडेपाचची आंघोळ, दहावीच्या बावीस मुली. म्हणजे प्रश्न पत्र्याचा नाही.

निर्णय: आठ दिवसांत चोरी बंद.

३ डिसेंबर

हैदरभाई येऊन गेले. पत्र्याचं काम करतात, हे मूळ पत्रेही त्यांनीच बसवलेले. म्हणाले, स्क्रू काढू आणि रिव्हेट मारू, ते फिरवून निघत नाहीत, वरून काळा डांबरी रंग देऊ, भंगारवाला हात लावणार नाही. मी त्यांना शांतपणे सांगितलं की हा स्क्रूचा प्रश्न नाही, संस्काराचा आहे. ते म्हणाले, सर, संस्कार होईपर्यंत तरी रिव्हेट राहू द्या.

साधा माणूस. हसून सोडून दिलं. काळा रंग म्हणजे समाजावरच्या अविश्वासाचा रंग. (वाक्य चांगलं. कुठेतरी वापरणे.) पाच नवे पत्रे बसवले. स्क्रूनेच.

४ डिसेंबर

चौकीत अर्ज दिला. परत मिळाला. जिल्ह्याचं नाव सवयीने जुनंच लिहिलं होतं. पुन्हा लिहिला. आता नाव नवं, चोरी तीच. अर्ज साडेतीन पानी होता. हवालदार म्हणाले, सर, काय गेलं तेवढं लिहा. मी म्हटलं, काय गेलं ते पहिल्या ओळीत आहे. का गेलं ते पुढे आहे. त्यांनी पहिलं पान ठेवून बाकीची परत दिली.

७ डिसेंबर

भिंतीवर फलक लावला. मजकूर माझा, एकशे चाळीस शब्द. ‘बंधो, हा पत्रा उचकटण्यापूर्वी क्षणभर थांब’ इथून सुरुवात आणि रोमच्या पाणीपुरवठ्यापर्यंत झेप. पेंटर म्हणाला, अक्षरं बारीक येतील. पंकजाताई म्हणाल्या, ‘पत्रा काढू नये’ एवढंच लिहा की.

पंकजाताई वसतिगृहाच्या रेक्टर. कर्तबगार बाई, पण गणिताच्या. शब्दाची ताकद त्यांना माहीत नाही.

९ डिसेंबर

फलक गेला.

पेंटरने तो ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर रंगवला होता. हे मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण मी आशयाकडे पाहत होतो.

मात्र पाइपावरच्या एकाही पत्र्याला धक्का नाही. म्हणजे फलक वाचला गेला आहे. ज्याने नेला त्याच्या घरी तो आज भिंतीला टेकून उभा असेल, आणि त्याची मुलं तो वाचत असतील. मरियाला हे सांगितलं. मरिया म्हणाली, अहो, त्याच्या घरी तो आज पालथा घालून कोंबड्या झाकल्या असतील. लग्नाला सदतीस वर्षं झाली, पण बायकोला अजून माझ्या कामाचा आवाका कळलेला नाही.

१४ डिसेंबर, दुपारी २

आज सभागृहात जाहीर व्याख्यान. विषय: ‘सार्वजनिक मालमत्ता आणि माझं मन’. वक्ता: मी. उपस्थिती सर्वांना सक्तीची केली. मुली, स्वयंपाकघर, माळी, आणि मुख्य म्हणजे वॉचमन ज्ञानेश्वर. पहारा देणाऱ्याच्याच मनात विषय रुजला नाही तर पहारा कसला? त्याला पहिल्या रांगेत बसवलं.

एक तास चाळीस मिनिटं बोललो. अविश्वासाच्या रंगाचं वाक्य छान गेलं. एकही जण उठला नाही.

१४ डिसेंबर, संध्याकाळी ६

व्याख्यान चालू असताना अकरा पत्रे गेले.

ज्ञानेश्वरला विचारलं, काहीच ऐकू आलं नाही का? म्हणाला, आवाज आल्ता सर, कडकड कडकड, पन मला वाटलं मागल्या पोरी टाळ्या वाजवत्यात.

मुद्दा: टाळ्या पडाव्यात अशी ती जागा होतीच.

१६ डिसेंबर

पंकजाताईंनी थर्मामीटर लावला. टाकीतून निघताना पाणी छप्पन्न अंश, बाथरूमच्या नळाला एकतीस. कागदावर मांडून माझ्या टेबलावर ठेवलं. खाली लिहिलं होतं: आज सात मुली खोकतात, दोघींना ताप, कोणीही केस धुतलेले नाहीत.

कागद दोनदा वाचला. आकड्यांत भावना नसते असं मी नेहमी म्हणतो. आज म्हणालो नाही.

निर्णय: मुलींना गरम पाणी मिळेपर्यंत मीही घरी गार पाण्यानेच आंघोळ करणार.

१७ डिसेंबर

केली. शरीर थरथरलं, मन ताठ.

१८ डिसेंबर

शिंका. आज आंघोळ स्थगित. तत्त्व कायम, कारण गरम पाण्यानेही केलेली नाही.

२० डिसेंबर

तत्त्व कायम. मरियाने अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं. माझं.

२१ डिसेंबर

डॉक्टर म्हणाले, आंघोळ करा. गरम पाण्याने केली. वैद्यकीय कारणामुळे ती मोजत नाही.

कार्यकारिणीची बैठक. अध्यक्ष सुभेदारसाहेब लष्करातून निवृत्त. महिन्याला साधारण चाळीस शब्द बोलतात. त्यांतले पाच आज माझ्यावर खर्च केले: सर, पाणी कधी गरम होणार?

मी उभा राहिलो. वास्तविक बसूनही सांगता आलं असतं. म्हणालो, ३१ जानेवारीपर्यंत मुलींच्या बादलीत वाफाळतं पाणी नसेल तर सचिवपदाचा राजीनामा या टेबलावर असेल. सुभेदारसाहेबांनी तारीख डायरीत लिहून घेतली.

हैदरभाईंनी चौदा तारखेचे अकरा पत्रे बसवून दिले. रिव्हेटचा विषय पुन्हा काढला. मी पुन्हा हसलो. या वेळी ते हसले नाहीत.

२३ डिसेंबर, सकाळी ११

सापडलं.

नाताळचा फराळ वाटून झाला होता. शेजारच्या वहिनी आमचा डबा परत द्यायला आल्या. मागच्या नाताळचा. वर्षभर तो त्यांच्या घरी होता, तरी आला. का आला? कारण बुडाशी ‘दा. यो. भिंगारदिवे’ असं नाव घातलेलं होतं. त्या म्हणाल्या, भाऊजी, नाव बघितल्यावर कसा ठेवून घेणार?

हेच तर. आपल्याकडे घराघरांत फुलपात्र, परात, पातेलं, सगळ्यांवर नाव. लग्नात वाटलेली, बारशाला आलेली, कोणाच्या स्मरणार्थ दिलेली. नाव घातलेलं भांडं दहा घरं फिरून आपल्या फळीवर येतं. बिनानावाचं गेलं ते गेलं. मग पाइपाचा पत्रा बिनानावाचा का?

योजना: छत्तीस पत्रे, छत्तीस घरं. प्रत्येक घराने आपल्या गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ एक पत्रा द्यायचा. त्यावर ठळक नाव. चोर पत्र्याला हात घालेल, पण कोणाच्या वडिलांना हात घालणार नाही.

मरियाला उभ्या उभ्या सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, हे मात्र बरंय. मी तिला पुन्हा म्हणायला लावलं.

२५ डिसेंबर

उपासनेनंतर चर्चच्या अंगणात आवाहन केलं. केक खाता खाता अकरा नावं आली. पाळकसाहेबांनीही त्यांच्या आईचं दिलं. बाजारातून, पालकांकडून, लष्करी छावणीतल्या जुन्या कर्मचाऱ्यांकडून बाकीची येत आहेत. हैदरभाईंनी त्यांच्या अब्बांचं दिलं. पहिला पत्रा, फाटकाजवळचा, मी माझ्या वडिलांच्या नावाने घेतला.

३० डिसेंबर

सहादेवकडे काम चालू. बाजारात भांड्यांच्या दुकानात तो नाव घालायचं मशीन चालवतो. कुर्रर्र आवाज, सुंदर वळण. पण हाताला एक सवय: स्मरणार्थ म्हटलं की आधी ‘कै.’ काढतो आणि मग नाव विचारतो. आमच्या मंडळीतल्या अकरांना ‘प्रभूमध्ये निजलेले’ हवं होतं. ते मी समोर बसून करून घेतलं. हैदरभाईंच्या अब्बांच्या पत्र्यावर मात्र ‘कै. मर्हूम’ असं पडलं. मी माफी मागितली. हैदरभाई म्हणाले, राहू द्या सर, अब्बा दोनदा गेल्यासारखं वाटतं, पण राहू द्या.

सहादेव रोज विचारतो, सर, खाली ‘सप्रेम भेट’ टाकू का? लग्नाची भांडी करून करून. रोज नाही म्हणतो.

३ जानेवारी

सोहळा. छत्तीसही घरं आली. पाइपाला झेंडूच्या माळा. हैदरभाईंनी पत्रे बसवले, छत्तीस नावं भिंतीवर ओळीने उन्हात चमकत होती. डोळ्यांत पाणी आलं, काही अंशी चमकण्यामुळे.

मी बोललो. थोडकंच, पन्नास मिनिटं. शेवट असा केला: आजपासून हा पत्रा संस्थेचा नाही. हा पत्रा तुमचा आहे. तुमच्या वडिलांचा आहे. मालकी तुमची, राखण तुमची.

प्रत्येकाला तसं प्रमाणपत्र दिलं. माझ्या सहीचं, शिक्का मारून. सुभेदारसाहेबांनी प्रमाणपत्र लांब धरून वाचलं आणि विचारलं, ‘मालकी’ लिहिलंय? मी म्हटलं, भावनिक. ते म्हणाले, तसं लिहिलेलं नाही.

शब्दाला चिकटणारी माणसं.

१० जानेवारी

आठ दिवस. एकही पत्रा हलला नाही. नळाला पाणी बावन्न अंश. पंकजाताईंनी स्वतः येऊन सांगितलं. मुली केस धुऊन उन्हात बसल्या होत्या, भिंतीच्या कडेने, ओल्या वेण्या सोडून. त्यांच्यातली एक म्हणाली, सर, आता सकाळी उठायची भीती वाटत नाही.

यावर एक परिच्छेद सुचत होता. लिहिला नाही. रोजनिशी आहे.

१३ जानेवारी

अकोल्याहून फोन. तिथल्या कॉलेजात बोलायचं आहे. विषय मीच दिला: ‘नावाची ताकद’. हैदरभाई भेटले तेव्हा सहज म्हटलं, तुमचे रिव्हेट काही लागले नाहीत. ते म्हणाले, अजून थंडी संपायचीय सर.

मनकर्णाबाई रोज येतात. त्यांचे यजमान छावणीत माळी होते, सतरावा पत्रा. येतात, पदराने पत्रा पुसतात, फूल वाहतात, पाच मिनिटं दिवसभराचं सांगतात आणि जातात. आज म्हणत होत्या, फोटोपेक्षा हे बरं, हात लावला की ऊबदार लागतं.

खरं तर पत्रा ऊबदार लागता कामा नये. आतली लोकर नीट बसली नसेल. हैदरभाईंना सांगायचं ठरवलं. मग नाही सांगितलं.

१७ जानेवारी

किरकोळ कुरबुर. एकविसावा पत्रा मोरीच्या वर येतो. त्या घरचे म्हणाले, आमच्या आजोबांनाच नेमकी मोरी का? बदलून दिला. मग ज्यांना मोरी मिळाली ते आले. पाळकसाहेबांच्या मातोश्रींना तिथे नेलं. पाळकांना क्षमा करण्याचा सराव असतो.

१९ जानेवारी

अनर्थ. पण छोटा.

पारनेरच्या एका पालकांनी आईचं नाव दिलं होतं. रंगुबाई. मी ते ‘स्मरणार्थ’च्या यादीत घातलं आणि सहादेवने ‘कै.’ लावलं. आज दुपारी रंगुबाई स्वतः आल्या. एसटीने. नातीला भेटायला आल्या होत्या, नातीने कौतुकाने पत्रा दाखवायला नेलं.

माझ्यासमोर काठी टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मास्तर, मी हाय अजून. मला भितीला कोनी टांगलं? मी समजावू लागलो की हा गौरव आहे, मुलाला तुमच्या हयातीत सन्मान करायचा होता, ‘कै.’ ही केवळ यांत्रिक चूक. त्या म्हणाल्या, तुमी लई ग्वाड बोलता, पन आदी मला खाली काडा. आनि ते कागद दिल्यात ना घरी, आमच्या मालकीचा हाय म्हनून.

कागद पिशवीत होता. माझी सही, शिक्का.

ज्ञानेश्वरने चार स्क्रू काढले. दोन मिनिटं. रंगुबाईंनी पत्रा पदरात गुंडाळला. जाताना म्हणाल्या, धान्याच्या कणगीवर झाकण व्हईल.

एक पत्रा. पस्तीस आहेत. काळजीचं कारण नाही.

२१ जानेवारी

काळजीचं कारण आहे.

रंगुबाईंच्या जागी भोक दिसतं. पाइपाचं लाल लोखंड आणि लोकरीचा पिवळा झुपका. कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला: ‘आता नावासकट नेतात. भिंगार कुठे चाललंय?’ मी खाली सविस्तर खुलासा टाकला. सुमारे नऊशे शब्द. त्यावर एकाने हात जोडलेले पाठवले, एकाने गुलाब. वाचला कोणीच नाही, कारण लगेच एका घरचा फोन आला: सर, आमच्या अण्णांचं नाव भंगारात जाऊन वितळलं तर?

अशी भीती कोणाच्या मनात येईल हे मला सुचलंच नव्हतं. नाव घातलं म्हणजे चोराला लाज वाटेल इतकाच मी विचार केला होता. घरच्यांना घोर लागेल, हा नाही.

२२ जानेवारी

चार फोन. तिसऱ्याला मी ओरडलो. नोंद म्हणून.

मरिया म्हणाली, हैदरभाईंना बोलवा आणि एका दुपारात रिव्हेट मारून घ्या. मी म्हटलं, आता रिव्हेट मारले तर त्याचा अर्थ नावावर माझाच विश्वास नाही असा होईल. ती म्हणाली, कोणासाठी? मी म्हटलं, इतिहासासाठी. ती कणीक मळायला गेली.

निर्णय: सव्वीस जानेवारीला सर्व घरांना ध्वजवंदनाला सहकुटुंब बोलावणं. अफवेला एकच उत्तर, जाहीर भाषण.

२५ जानेवारी

भाषण तयार. आरशासमोर दोनदा म्हटलं. आयुष्यातलं सर्वोत्तम. गेली चाळीस वर्षं मी याचीच तयारी करत होतो असं वाटतं. लोकांना नुसतं समजावायचं नाही, पेटवायचं आहे. कृती झाली पाहिजे.

२६ जानेवारी, सकाळी ११.३०

कृती झाली.

ध्वजवंदन आठला. साडेआठला मी उभा राहिलो. अंगणभर माणसं. बोलता बोलता मी पाइपाकडे हात केला आणि आवाज खाली आणला. (खाली आणलेला आवाज जास्त लांब जातो.) म्हणालो, बंधूभगिनींनो, कल्पना करा. तुमच्या वडिलांचं नाव. एका भंगाराच्या ढिगात. त्याच्यावर फुटक्या बादल्या. मग भट्टी. मग ते नाव वितळतंय, एकेक अक्षर. तुम्हाला आज झोप येईल? माझ्या वडिलांचं नाव मी चोराच्या हाती पडू देणार नाही, असं म्हणणारा इथे एकही मुलगा नाही का? एकही लेक नाही?

पुढे एक ओळ होती: ‘तर या, आपण आळीपाळीने पहारा देऊ.’ ती राहिली. कारण त्याआधीच माणसं उठली. चाळीस वर्षांत माझ्या भाषणातून एवढी माणसं एकदम उठून कधी गेली नव्हती, आणि गेली तरी पेटून कधी गेली नव्हती. मला वाटलं, पहाऱ्याला निघाली. ती पाइपाकडे निघाली.

कोणीतरी मोटारसायकलच्या डिकीतून पाना आणला. ज्ञानेश्वरचा स्क्रूड्रायव्हर हातोहात फिरला. पत्र्यावरच्या जोगळे गुरुजींच्या मुलाने नाण्याने स्क्रू काढले. मी मधे गेलो. त्यांनी मला नमस्कार केला, म्हणाले, सर, तुम्ही डोळे उघडले आमचे. अण्णांना घरी घेऊन जातो. दोघातिघांनी पाया पडून नेले. कागद सगळ्यांकडे होते. कोणी पत्रा छातीशी धरून, कोणी टॉवेलमध्ये, एका बाईंनी रिक्षात मांडीवर घेऊन.

हैदरभाई शेवटी आले. त्यांनी अब्बांचा पत्रा काढला, कडा हाताने सरळ केल्या. म्हणाले, सर, रिव्हेट असते तर आज कोणाला काढता आलं नसतं. टोमणा नव्हता. म्हणून जास्त लागला.

मनकर्णाबाई रडत होत्या. त्यांच्याबरोबर कोणी आलं नव्हतं, आणि स्क्रू त्यांच्याने निघेना. ज्ञानेश्वरने काढून दिले.

अकरा वाजता भिंतीवर एक पत्रा उरला. फाटकाजवळचा. ‘प्रभूमध्ये निजलेले योना भिंगारदिवे’. तो मी काढलेला नाही. एकाने तरी जागेवर राहिलं पाहिजे.

पोलिसांत तक्रार देता येत नाही. चोरी झालेली नाही.

२८ जानेवारी

नळाला सव्वीस अंश. लोकर लोंबते आहे, वाऱ्याने अंगणात उडते. मुलींच्या मानेला खाज. पंकजाताईंनी मुलींना स्वयंपाकघरातून बादलीने पाणी न्यायला सांगितलं. एकेकीला अर्धी बादली, दहावीला आधी. मी अंगणातून जात होतो तेव्हा रांग उभी होती. माझ्याकडे पाहून रांगेने एकदम ‘गुड मॉर्निंग सर’ म्हटलं. कोणी काही लावून बोललं असतं तर बरं झालं असतं.

अकोल्याचं व्याख्यान मी रद्द केलं. (त्यांनी कळवलं, पण माझाही विचार तोच होता.)

३१ जानेवारी

बैठक. सुभेदारसाहेबांनी डायरी उघडून तारखेवर बोट ठेवलं.

मी पंचवीस मिनिटांचं निवेदन आणलं होतं. त्याआधी पंकजाताईंनी दोन मिनिटं मागितली. त्यांनी एका मशीनचा कागद ठेवला: जुन्या इमारतीतच, बाथरूमला लागून, जमिनीवर बसणारं पाणी तापवायचं यंत्र. पाइप चार फूट, तोही भिंतीच्या आत. बाहेर काही नाही, चोरायला काही नाही. पंधरा दिवसांपूर्वीच त्यांनी देणगीदार शोधून ठेवला होता. मला का सांगितलं नाही, असं विचारलं. म्हणाल्या, सर, दोनदा सांगायला आले होते, तुम्ही भाषणाची तालीम करत होतात.

मंजूर. एकमताने. माझ्या मतासह.

मग मी राजीनाम्याचा उल्लेख केला. उल्लेखच केला होता. साधारणपणे अशा वेळी सभासद नाही नाही म्हणतात, आग्रह करतात, वक्ता भारावतो. सुभेदारसाहेब म्हणाले, ठीक. नव्या सचिव पंकजाताई.

निवेदन खिशातच राहिलं. घरी येऊन मरियाला वाचून दाखवलं. तिने पूर्ण ऐकलं. मध्ये एकदाही उठली नाही. तेव्हा कळलं की प्रकरण गंभीर आहे.

३ फेब्रुवारी

यंत्र बसलं. सकाळी पाणी कढत आलं म्हणे. मला कोणी बोलावलं नव्हतं. ज्ञानेश्वर दूध घेताना डेअरीवर भेटला तेव्हा कळलं. जुना पाइप उद्या कापून भंगारात देणार आहेत, हेही त्याच्याकडून.

म्हणजे बाबांचा पत्राही.

बाबा शाळेत शिपाई होते. घंटा द्यायचे. स्टेजवर कधी गेले नाहीत. माझ्या भाषणाला आले की दाराजवळ उभे राहायचे. त्यांचं नाव कुठेही लिहिलेलं नव्हतं. शिपायाचं नाव कोण लिहिणार? या पत्र्यावर लिहिलं ते पहिल्यांदा.

४ फेब्रुवारी, दुपारी ४

पंकजाताईंकडे पत्रा नेण्याच्या परवानगीची चिठ्ठी मागितली असती तर त्यांनी लगेच दिली असती. म्हणूनच मागितली नाही.

दुपारी दोनला सगळे जेवून आडवे होतात. घरातला स्क्रूड्रायव्हर शालीखाली घेऊन गेलो. तीन स्क्रू निघाले, चौथा फिरेना. पत्रा वाकवून ओढला. कडकड असा मोठा आवाज झाला. टाळ्यांसारखा अजिबात नाही.

मागे ज्ञानेश्वर उभा होता. म्हणाला, सर, दोन म्हैने झाले, आज पयल्यांदा कोन तरी घावलं. मी म्हटलं, अरे, मी आहे. तो म्हणाला, दिसतंय ना सर, पन नव्या सचिवबाईंनी सांगितलंय, कोनी बी असूंद्या, रजिस्टरात लिवायचं.

मी त्याला खुलासा केला. मालकी म्हणजे काय, स्मृती म्हणजे काय, कायद्यातला हेतू म्हणजे काय. सात-आठ मिनिटं. त्याने नीट ऐकून घेतलं. मग खुर्चीवर बसून, जीभ बाहेर काढून, सावकाश लिहिलं आणि रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं:

‘दू. २.१५. एक वयस्कर ईसम पत्रा काडताना मिळून आला. भाशण केले. सोडून दिले.’

पत्रा मात्र दिला नाही. मुद्देमाल आहे म्हणाला, बाईंनी सांगितलं तर संध्याकाळी घरी आणून देईन.

मी खिशातून लाल पेन काढलं. ‘दु.’ केलं. ‘इसम’ केलं, ‘काढताना’ केलं, ‘भाषण’ केलं. बाकी मजकुरात दुरुस्तीला जागा नव्हती. खाली सही केली.